कुऱ्हाडीनंतरचे अरण्य



कारेलीबागेत अलीकडे एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेले एखादे बैठे घर पाडले जाते आणि त्याच्या जागी बहुमजली इमारत उभी राहू लागते. घर पाडताना विटामातीची फारशी कोणी पर्वा करीत नाही. परंतु दारांच्या चौकटी, खिडक्या आणि माळ्याच्या तुळया मात्र मोठ्या जपणुकीने उतरवून रस्त्याच्या कडेला रचून ठेवतात. जुने सागवान विकत घेणारा व्यापारी बहुधा तेथे आधीच येऊन उभा असतो.

अशाच एका ढिगाजवळून परवा जात असता एका तुळईचे नुकतेच कापलेले तोंड दृष्टीस पडले. त्यावर एकाभोवती एक अशी वर्तुळे स्पष्ट उमटलेली होती. मध्याजवळची वीस-बावीस वर्तुळे इतकी दाट, की ती मोजताना नजर चुकावी. त्यानंतर मात्र वर्तुळांमधले अंतर एकाएकी दुप्पट-तिप्पट झाले होते आणि पुढे बरीच वर्षे ते तसेच टिकले होते. एखादे वर्तुळ रुंद असेल तर त्या वर्षी पाऊस चांगला झाला असे म्हणता येते. पण सलग दहा-पंधरा वर्षे झाड जेव्हा असे भराभर वाढते, तेव्हा त्याचे कारण बहुतेक वेळा पावसात नसते. त्या झाडाच्या शेजारची झाडे कोणीतरी तोडली होती आणि त्याला प्रथमच मोकळा उजेड मिळाला होता, असाच त्या खुणेचा अर्थ लावावा लागतो.

म्हणजे एका झाडावर पडलेली कुऱ्हाड दुसऱ्या झाडाला उपकारक ठरली होती. वृक्षतोड हा शब्द ऐकताच आपल्या मनात विनाशाचे चित्र उभे राहते आणि ते पुष्कळदा खरेही असते. तथापि तोडीच्या पद्धती अनेक आहेत आणि त्या प्रत्येकीचा मागे उरलेल्या झाडांच्या वाढीवर होणारा परिणाम वेगवेगळा आहे. एका पद्धतीने जंगल पुन्हा उभे राहते, दुसरीने ते हळूहळू निकृष्ट होत जाते, तर तिसरीने ते नाहीसे होते. हा फरक कशामुळे पडतो, याचा आज आपण विचार करू.

प्रथम झाड वाढते कसे ते पाहू. आपले बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. येथून पूर्वेस छोटा उदेपूर, दक्षिणेस राजपिपळा आणि आणखी खाली सोनगड, व्यारा व डांग असा जो पट्टा जातो, तो सागाचा मुलूख आहे. तेथे साग, ऐन, धावडा, हेदू, कळंब, शिसव आणि बांबू ही झाडे एकमेकांत मिसळून वाढतात. पावसाळ्याच्या आरंभी सागाला नवी पालवी येते, तेव्हा त्याच्या सालीखाली मोठ्या छिद्रांचे लाकूड तयार होऊ लागते. पावसाळा सरत येतो तशी ही छिद्रे बारीक होत जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गळतात आणि वाढ थांबते. पुढील वर्षी पुन्हा मोठ्या छिद्रांची नवी रांग सुरू होते. या दोहोंच्या सीमारेषेलाच आपण वर्तुळ म्हणतो. सागाची वर्तुळे इतकी स्पष्ट असतात, की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी त्यांच्या साह्याने गतकाळातील पर्जन्यमानाचा अभ्यास केला आहे.

हे लाकूड झाड पानांच्या बळावर तयार करते. पाने उजेडावर चालतात. त्यांना लागणारे पाणी आणि क्षार मुळे पुरवितात. यास्तव जंगलातील प्रत्येक झाडाची दोन ठिकाणी स्पर्धा चालू असते, एक वर उजेडासाठी आणि दुसरी खाली ओलाव्यासाठी. माणूस जेव्हा एक झाड तोडतो, तेव्हा तो या दोन्ही स्पर्धांत हस्तक्षेप करतो. त्या मोकळ्या झालेल्या जागेचा लाभ कोणाला मिळेल, हे मात्र कोणते झाड तोडले, किती तोडली, कोणत्या हंगामात तोडली आणि तोडल्यावर त्या जागेची निगा कशी राखली, यांवर अवलंबून असते.

आपल्याकडील तोडीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८४२ साली इंग्रज सरकारने डांगमधील भिल्ल राजांकडून तेथील सागाचा पट्टा घेतला. सह्याद्रीच्या रानांतील साग त्यापूर्वीपासूनच जहाजबांधणीसाठी जात होता. पुढे रेल्वेला स्लीपर हवे झाले आणि मागणी शतगुणित झाली. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नेमण्यात आले, ते साग झपाट्याने संपत चालला आहे या चिंतेतूनच. बडोदे संस्थानाची स्वतःची जंगलेही प्रामुख्याने याच दक्षिणेकडील नवसारी प्रांतात, सोनगड-व्याऱ्याच्या बाजूला होती. गायकवाड सरकारच्या रेल्वेने १९१३ च्या सुमारास बिलीमोरा ते वघई असा अरुंद रुळांचा मार्ग डांगच्या उंबरठ्यापर्यंत नेला, त्यामागे इमारती लाकूड बाहेर आणणे हा एक मोठा हेतू होता. बडोद्याच्या जुन्या घरांतील कित्येक तुळया त्या बाजूच्या रानांतूनच आल्या असतील.

आता तोडीच्या मुख्य पद्धतींकडे वळू.

पहिली पद्धत निवड तोडीची. जंगलात फिरून ठरावीक घेराहून मोठी झालेली झाडे हेरावयाची, त्यांवर हातोड्याने खूण करावयाची आणि तेवढीच तोडावयाची. १८५६ मध्ये ब्रह्मदेशात आलेल्या डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाने पेगूच्या सागवनांत या पद्धतीला हिशेबाची बैठक दिली. त्याने झाडांची घेरानुसार वर्गवारी केली. सहा फूट व त्याहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गात घातली आणि एका वर्षात खालच्या वर्गांतून जितकी झाडे वरच्या वर्गात चढण्याचा संभव आहे, त्याहून अधिक झाडे तोडू नयेत असा दंडक घातला. मुद्दलाला हात न लावता व्याजावर निर्वाह करण्याची ही रीत होती. पुढे १८६४ मध्ये ब्रँडिसच हिंदुस्थानचा पहिला प्रमुख वनाधिकारी झाला.

कागदावर ही पद्धत सर्वांत सौम्य दिसते आणि विचारी माणसाच्या हाती ती तशी असतेही. परंतु तिच्यात दोन धोके दडलेले आहेत. पहिला असा, की निवड कोणाच्या दृष्टीने करावयाची? बाजाराच्या दृष्टीने करू लागलो, तर सरळ, निरोगी आणि जाड खोडाची झाडे आधी जातात. वाकडी, पोकळ आणि गाठाळ तेवढी मागे राहतात. पुढच्या पिढीचे बी मग याच झाडांकडून येते. शेतकरी बियाण्यासाठी कणसांतले सर्वांत टपोरे कणीस राखून ठेवतो. आपण जंगलात नेमके उलट करतो आणि दोन-तीन तोडींनंतर रान निकृष्ट झाले म्हणून आश्चर्य करीत बसतो.

दुसरा धोका उजेडाचा आहे. साग हे अत्यंत प्रकाशप्रिय झाड आहे. दाट रानात एखादेच झाड तोडले, तर वर पडलेले भगदाड शेजारच्या झाडांच्या फांद्या थोड्याच वर्षांत भरून काढतात. खाली उगवलेल्या सागाच्या रोपाला आवश्यक तेवढा उजेड मिळतच नाही. त्याच्या जागी सावली सोसणारी झाडे आणि झुडपे वर येतात. म्हणजे केवळ साग तोडावयाचा आणि बाकीच्या झाडांना मुळीच हात लावावयाचा नाही, अशा तोडीने सागाचे रान कालांतराने सागाचे राहत नाही. याकरिता जाणते वनाधिकारी मोठी झाडे काढताना आसपासची रोगट व निरुपयोगी झाडेही काढून तरुण सागांना वाट मोकळी करून देतात. कारेलीबागेतल्या त्या तुळईवरील रुंद वर्तुळे अशाच एखाद्या मोकळिकीची साक्ष असावीत.

दुसरी पद्धत सरसकट तोडीची. जंगलाचे तुकडे पाडावयाचे, त्यांना कूप म्हणतात, आणि एका वर्षी एका कुपातली सर्व झाडे तोडून तेथे नवी लागवड करावयाची. मलबारचा कलेक्टर कोनोली याने चातू मेनन यांच्या साह्याने नीलांबूर येथे १८४०-५० च्या दशकात सागाची लागवड केली. तिचा काही भाग आजही उभा आहे. या लागवडीची रीत मोठी मनोरंजक आहे. रोपवाटिकेतील वर्षाचे रोप उपटून त्याची पाने, कोवळी मुळे आणि जवळजवळ सगळा शेंडा छाटून टाकतात. उरतो तो अंगठ्याएवढा जाड, वीतभर लांबीचा मुळाचा तुकडा. पावसाळ्याच्या आरंभी पहारीने भोक पाडून तो जमिनीत खोचला, की त्यातून जोमदार कोंब फुटतो. सागाचे सारे बळ मुळात साठविलेले असते, याचे हे प्रत्यंतर आहे. नैसर्गिक रानातही सागाचे रोप पहिली कित्येक वर्षे वणव्याने किंवा उन्हाळ्याने वर जळून जाते, परंतु खाली मूळ पोसत राहते. एके वर्षी त्या मुळात पुरेसे सामर्थ्य आले, की फुटलेला कोंब पुन्हा मागे वळून पाहत नाही.

लागवडीत हेक्टरी सुमारे अडीच हजार रोपे लावतात आणि वेळोवेळी विरळणी करीत अखेरीस शंभर-दीडशे झाडे राखतात. ही विरळणीच या पद्धतीचा प्राण आहे. ती वेळेवर झाली नाही तर झाडे उंच काठीसारखी वाढतात, त्यांचा घेर भरत नाही आणि एकदा आखडलेला पर्णसंभार पुढे सुधारणे कठीण होते. सरसकट तोडीची किंमतही मोठी आहे. तोडलेल्या कुपावर ऊन आणि पाऊस थेट पडतो, गवत माजते, गवताबरोबर वणवा येतो आणि उतारावरची माती वाहून जाते. निव्वळ सागाच्या लागवडीखाली झुडपांचा थर राहिला नाही, तर रुंद पानांवरून ओघळणारे मोठाले थेंब उघड्या मातीवर आदळून तिची धूप करतात. एकाच जातीची झाडे दाटीने उभी असल्याने सागाची पाने खाणारी अळी पसरली, की सगळे रान निष्पर्ण होते. पाने नसली म्हणजे त्या काळापुरती वाढही खुंटते. ऐन, धावडा, मोह, आवळा, टेंभुर्णी या ज्या झाडांवर रानातील माणसांची उपजीविका चालते, ती अशा लागवडीत उरत नाहीत, हा तोटा तर कोणत्याच वर्तुळात मोजता येत नाही.

तिसरी पद्धत खुंट राखून केलेल्या तोडीची. ऊस तोडल्यावर त्याच्या बुडख्यातून जसा खोडवा येतो, तशी साग, ऐन, धावडा यांसारखी झाडे तोडलेल्या खुंटातून धुमारे फेकतात. जळाऊ लाकूड आणि बल्ल्या यांच्यासाठी ही पद्धत फार जुन्या काळापासून रूढ आहे. मूळ आधीच खोलवर गेलेले असल्यामुळे पहिल्या वर्षी धुमारा बियांच्या रोपाहून कितीतरी उंच जातो. पण येथे तोडणाऱ्याच्या हातावर सर्व काही अवलंबून असते. खुंट जमिनीलगत, वीतभराहून अधिक न ठेवता तोडला, तर धुमारे तळाशी फुटतात आणि त्यांना पुढे स्वतःची मुळेही सुटू शकतात. वाकून तोडण्याचा कंटाळा करून कमरेच्या उंचीवर घाव घातला, तर धुमारे वरच्या काठावर लटकल्यासारखे येतात. वाऱ्याने ते मोडतात आणि खुंट कुजला की ती कूज त्यांच्या गाभ्यात शिरते. घाव धारदार कुऱ्हाडीचा आणि किंचित उतरता असावा, म्हणजे पाणी साचत नाही. साल फाटू देता कामा नये, कारण धुमाऱ्यांचे सुप्त डोळे सालीखालीच असतात.

हंगामालाही तितकेच महत्त्व आहे. हिवाळ्यापासून पालवी फुटेपर्यंतच्या काळात झाडाचा अन्नसंचय मुळांत असतो. तेव्हा तोडलेले झाड त्या संचयावर पुन्हा उभे राहते. भर पावसाळ्यात, सारा संचय पानांत खर्ची पडला असता तोडले, तर धुमारे दुबळे येतात. खुंटावर दहा-वीस धुमारे आले, तर त्यांतील एक-दोन राखून बाकीचे छाटावे लागतात, नाही तर सगळेच काटकुळे राहतात. आणि एकाच खुंटावर पुन्हा पुन्हा तोड करीत राहिले तर मूळही थकते. म्हणून अशा कुपात बियांपासून वाढलेली काही उत्तम झाडे मुद्दाम राखावी लागतात. ती बी देतात, सावली देतात आणि पुढे मोठ्या आकाराचे लाकूडही त्यांपासूनच मिळते.

हे झाले पानझडी रानांचे. वनशास्त्रज्ञांच्या परिभाषेत ज्यांना उपोष्ण कटिबंधीय जंगले म्हणतात, ती आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर-भीमाशंकरच्या परिसरात आहेत. हॅरी चँपियन यांनी १९३६ मध्ये भारतीय जंगलांचे वर्गीकरण केले आणि सेठ यांच्यासमवेत १९६८ मध्ये ते सुधारून प्रसिद्ध केले. त्यात या डोंगरमाथ्यावरील रानांना स्वतंत्र स्थान आहे. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही तेथील झाडे. वारा आणि उथळ जमीन यांमुळे ती बुटकी राहतात आणि फार सावकाश वाढतात. डांगमधील सागाला जी मोकळीक मानवते ती येथे घातक ठरते. वरचे छत्र मोडले, की सावलीला सरावलेली रोपे उन्हाने होरपळतात आणि तेथील प्रचंड पाऊस जांभ्यावरील पातळ माती धुऊन नेतो. एकदा खडक उघडा पडला, म्हणजे तेथे पुन्हा रान येण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही.

हिमालयाच्या उपोष्ण पट्ट्यात याचेच दुसरे रूप दिसते. तेथे चीड या सूचिपर्णी वृक्षाची रानेच्या राने आहेत. चीडही सागाप्रमाणे प्रकाशप्रिय असल्याने तेथे तोड करताना थोडी निवडक मोठी झाडे बियांसाठी विखरून उभी ठेवतात आणि खाली नवी पिढी जोम धरू लागली, की मग तीही काढतात. पण त्याच डोंगरांतील बांज या ओकवृक्षाला ओलसर सावली हवी असते. बांजाच्या रानात वारंवार फांदीतोड आणि मोकळीक झाली, की चीड तेथे घुसखोरी करतो आणि वणवा त्याच्या मदतीस येतो. १९७३ मध्ये सुरू झालेल्या चिपको आंदोलनानंतर १९८१ मध्ये उत्तर प्रदेशाच्या तत्कालीन डोंगरी भागात एक हजार मीटरहून अधिक उंचीवरील व्यापारी तोड बंद करण्यात आली. एका झाडाला औषध ठरणारी पद्धत शेजारच्या दुसऱ्या झाडाला विष ठरते, हे ध्यानात घेतल्यावाचून जंगलाचा कोणताही नियम सरसकट लावता येत नाही.

तोडीतील आणखी एक नुकसान सहसा हिशेबात धरले जात नाही. पडणारे झाड एकटे पडत नाही. त्याच्या फांद्यांत गुंतलेल्या वेली शेजारच्या झाडांचे शेंडे ओढून खाली आणतात. मग तो ओंडका ओढून नेताना वाटेतील रोपे चिरडली जातात, उभ्या झाडांची साल सोलवटते आणि ओली माती दबून कठीण होते. अशा दबलेल्या मातीत मुळांना हवाही मिळत नाही आणि पाणीही मुरत नाही. बैलांनी किंवा हत्तींनी ओढकाम होत असे तेव्हा ही हानी मर्यादित होती. अवजड यंत्रांनी ती वाढविली. मलेशियातील साबा प्रांतात १९९० नंतर केलेल्या तुलनेत असे आढळले, की वेली आधी कापून, झाड कोणत्या दिशेस पाडावयाचे ते ठरवून आणि ओढवाटा पूर्वीच आखून काम केल्यास उरलेल्या झाडांची हानी निम्म्याहून कमी होते. यासाठी कोणतीही नवी विद्या लागत नाही. घाईला आवर घातला, एवढेच पुरते.

पण घाईला आवर घालावयाचा कोणी? येथे हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या पलीकडे जातो. बांबूचेच उदाहरण घ्या. बांबूचे कांड एका पावसाळ्यात पुरते वाढते आणि बेटातील जुनी कांडे कोवळ्या कोंबांना आधार व पोषण देतात. म्हणून नवे कांड तोडू नये, बेटाचा मध्य रिता करू नये आणि गड्डा उकरू नये, असे बांबूतोडीचे नियम आहेत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी कर्नाटकातील कळकाच्या बेटांचा अभ्यास करीत असता त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. कागद गिरणीसाठी तोड करणारे मजूर सोयीसाठी बेटाच्या तळाशी असलेले काटेरी आवरण साफ करीत. गावकरी मात्र आपल्यापुरता बांबू काढताना काटे तसेच ठेवीत. काटे काढल्यामुळे बेट मोकळे होऊन वाढ चांगली होईल, अशी समजूत होती. प्रत्यक्षात त्या काट्यांच्या आड वाढणारे कोवळे कोंब उघडे पडले आणि गुरांनी व रानडुकरांनी ते फस्त केले. बेटातून किती बांबू नेले, यापेक्षा ते कसे नेले याने त्या बेटाचे भवितव्य ठरविले. ज्यांना पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे यावयाचे होते, त्यांना काट्यांची किंमत ठाऊक होती.

जुन्या काळी कूप लिलावाने ठेकेदाराला जाई. त्याचा संबंध त्या रानाशी एका हंगामापुरताच असे. खुंट उंच राहिला काय किंवा रोपे चिरडली काय, त्याचा तोटा त्याच्या वहीत कोठेच लागत नसे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ च्या सुमारास, मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था सुरू झाल्या. कुऱ्हाड चालविणाऱ्या आदिवासी मजुराला न्याय्य मजुरी मिळावी आणि नफ्यातही वाटा मिळावा, हा त्यांचा प्रधान हेतू होता. परंतु त्यामागे जंगलाच्या हिताचेही एक मर्म होते. जो माणूस त्याच रानाच्या काठी राहणार आहे, ज्याची मुले त्याच धुमाऱ्यांच्या बल्ल्या पुढे वापरणार आहेत, त्याने वाकून जमिनीलगत घाव घालण्याचे कष्ट घ्यावेत हे स्वाभाविक आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ते गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. हक्क आणि काळजी एकाच हाती असाव्यात, हा विचार तेथे प्रत्यक्षात उतरला.

कोणी म्हणेल, की मग तोडच मुळी बंद का करू नये? १९८० च्या वन संवर्धन कायद्याने जंगलाची जमीन अन्य कामांसाठी वळविण्यास आळा घातला. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेखेरीज कोणत्याही जंगलात तोड करू नये असा आदेश दिला. हे निर्बंध आवश्यकच होते, आणि महाबळेश्वरसारख्या माथ्यावरील रानांत तर कुऱ्हाड नेऊच नये. परंतु आपल्या घरांना लाकूड लागणे काही थांबलेले नाही. आज गुजरातेतील वखारींत घाना, इक्वेडोर अशा दूरदूरच्या देशांतले सागवान कांडला बंदरातून येऊन पडते. ब्रह्मदेशाने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, ती तेथील रानांची दशा पाहूनच. आपल्या रानातली कुऱ्हाड थांबवून ती दुसऱ्याच्या रानात चालविणे, याला जंगल राखणे म्हणता येणार नाही. आपल्या गरजेचे लाकूड आपल्याच लागवडींतून, योग्य हंगामात, योग्य रीतीने, आणि तेथे राहणाऱ्या माणसांच्या हातांनी काढणे हा अधिक कष्टाचा पण अधिक प्रामाणिक मार्ग आहे. ज्यांच्या घरात जुने सागवान आहे, त्यांनी ते मोडीत न काढता पुन्हा वापरले, तर तेवढीच एखाद्या रानाला उसंत मिळेल.

त्या ढिगातली ती तुळई दुसऱ्या दिवशी तेथे नव्हती. व्यापाऱ्याने ती नेली असणार. कदाचित रंधा फिरवून तिचे एखादे नवे दार होईल आणि ती दाट व रुंद वर्तुळे त्याच्या कडेवर बारीक रेघांच्या रूपाने राहतील. ते झाड कोणी तोडले हे आपल्याला कधी कळणार नाही. परंतु त्याच्या खुंटावर आज धुमारे आहेत, की तेथे उघडा खडक आहे, हे त्या अनाम माणसाने घाव कोठे घातला आणि पुढे ती जागा राखली की नाही, यावर ठरलेले आहे. आपण आपल्या दारासाठी आज जे लाकूड विकत घेऊ, त्याच्याही मागे कोठेतरी एक खुंट उरलेला असेल. त्या खुंटाची चौकशी करण्याची सवय आपणास लागली, तर पुढच्या पिढीला सागाची रुंद वर्तुळे उभ्या रानांतही पाहावयास मिळतील.